दादा, तू पुढे हो, मी येते

ताई, नमस्कार.

मी २८ वर्षांचा, नोकरी करतो. धाकटी बहीण १९ची, शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात असते. लहानपणी एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळायचो. आता रोज फोन होतो, पण 'जेवलीस का, झोपलास का' याच्या पुढे गाडी जात नाही. म्हणून दोघांनी मिळून एखादा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आपापलं कॅरेक्टर घेऊन एकाच जगात फिरायचा खेळ, खेळायचं ठरवलं. गेल्या वर्षी एकदा करून पाहिलं होतं. तिची परीक्षा होती तेव्हा मी सुट्टीत रोज खेळत राहिलो आणि तीस लेव्हल पुढे गेलो. परीक्षा संपवून ती आली आणि म्हणाली, "दादा, तू पुढे हो, मी येते." ती आलीच नाही.

या वेळी आठ गेमचा तक्ता केला आहे: ग्राफिक्स, खेळाडूंची संख्या, समीक्षकांचे गुण, खर्च. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आणि फायनल फँटसी १४ हे दोन सगळ्यांत वर येतात. माझ्याकडे बरा पीसी आहे, तिच्याकडे जुना लॅपटॉप. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दीड-दोन तास मिळतील. परीक्षा आली की ती महिनाभर गायब. या दोन्हींपैकी कोणता घेऊ?

— तक्त्यात अडकलेला भाऊ

*

पत्र वाचलं, तक्ताही पाहिला. पण आधी अडकले ती तुमच्या बहिणीच्या वाक्यात. असल्या खेळांत हे वाक्य फार लोक बोलतात, आणि बोलणारं माणूस सहसा परत येत नाही.

मी स्वतः ते बोलले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटात, मी हीलर होते, बाकीच्यांच्या जखमा भरणारी. घरात आजारपण निघालं आणि तीन महिने लॉगिन केलं नाही. परतले तेव्हा गिल्डमधली माणसं तीच होती, तेवढीच मायाळू. पण माझ्या अंगावरचं सगळं सामान तोवर भंगारात निघालं होतं. सगळे नव्या रेडमध्ये, म्हणजे मोठ्या गटाने लढायच्या मोहिमेत, आणि मला मधल्या दोन पायऱ्या चढून यायचं होतं, तेही एकटीने. आठवडाभर मी रात्री लॉगिन करायचे, शहराच्या चौकात उभी राहायचे, यादीत कोण कोण ऑनलाइन आहे ते बघायचे आणि बंद करायचे. मग तेही थांबलं. मला कुणी हाकललं नव्हतं, रागावलं नव्हतं.

म्हणून तुमच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवते. महिनाभर आलं नाही तर हा गेम आपल्याशी कसा वागतो? तुम्हा दोघांचं सगळं याच रकान्यावर अवलंबून आहे, आणि समीक्षकांच्या गुणांत तो कुठेच येत नाही, कारण समीक्षक गेम सलग खेळून लिहितात.

तुमच्या यादीतल्या वरच्या दोघांपासून सुरू करते.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट नोव्हेंबर २००४मध्ये आला, आणि आजही त्याच्या डंजनची (छोट्या गटाने लढायच्या भुयारांची), रेडची, लढाईच्या हाताला लागणाऱ्या लयीची बरोबरी करणारं फारसं काही नाही. पण त्याची रचना उभ्या चढणीची आहे. प्रत्येक नव्या विस्तारात, म्हणजे गेमला नंतर जोडलेल्या मोठ्या भागात, लेव्हलची कमाल मर्यादा वर सरकते. सुरुवातीला ती ६० होती. चढता चढता २०१८मध्ये १२०वर पोचली, तेव्हा २०२०मध्ये त्यांनी सगळे आकडे दाबून पुन्हा ६०वर आणले आणि चढण नव्याने सुरू केली. शिवाय विस्ताराच्या आतसुद्धा सीझन असतात. नवा सीझन लागला की मागच्या सीझनमध्ये रात्र रात्र जागून मिळवलेलं शस्त्र कामचलाऊ ठरतं. रोजच्या खेळाडूला यात मजा आहे, कारण त्याला सतत नवं काही कमवायला मिळतं. महिनाभर पुस्तकात डोकं घालून आलेल्या मुलीला मात्र आधी मागची उधारी चुकवायची असते. हे कंपनीलाही ठाऊक आहे. २०१९पासून त्यात पार्टी सिंक नावाची सोय आहे: पुढे गेलेला खेळाडू आपली लेव्हल तात्पुरती उतरवून मागच्याबरोबर त्याच क्वेस्ट, म्हणजे कामगिऱ्या, करू शकतो. सोय चांगली आहे, पण ती आठवणीने चालू करावी लागते, आणि 'दादा माझ्यासाठी खाली आला' ही जाणीव तिच्या मनात राहतेच. त्यात महिन्याची वर्गणी. परीक्षेच्या महिन्यात ती एकतर वाया जाणार, नाहीतर दर वेळी थांबवून परत सुरू करावी लागणार. लेव्हल २०पर्यंत मोफत खेळता येतं, तेव्हा चव जरूर घ्या. पण दोघांचं बस्तान बसवायची जागा ही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

फायनल फँटसी १४बद्दल लिहिताना मला स्वतःला आवरावं लागतं, कारण तो माझा अत्यंत लाडका गेम आहे. २०१०मध्ये तो आला आणि सपशेल पडला. तो बंद करून, नाओकी योशिदा यांच्या हाताखाली जवळजवळ नव्याने बांधून, ऑगस्ट २०१३मध्ये पुन्हा सुरू केला गेला. एवढी मोठी चूक मान्य करून परत उभं राहिलेलं उदाहरण या क्षेत्रात दुसरं नाही. एकाच कॅरेक्टरने सगळी जॉब, म्हणजे लढण्यातल्या भूमिका, शिकता येतात: आज पुढे राहून मार झेलणारा टँक, उद्या हीलर. मोफत चाचणीही दिलदार आहे: लेव्हल ७०पर्यंत, पहिल्या दोन विस्तारांसकट, कितीही दिवस खेळा. डंजनमध्ये लेव्हल आपोआप जुळवून घेतली जाते, त्यामुळे तीस लेव्हलचं अंतर तिथे फार बोचत नाही.

तिथे अंतर पडतं ते कथेचं. मुख्य कथा क्रमानेच पुढे सरकते, शेकडो क्वेस्टची आहे, आणि नवे प्रदेश, नवी डंजन, अगदी उडायची परवानगीसुद्धा तिच्याच दारातून मिळते. ती बरीचशी एकट्याने वाचायची, बघायची असते. मी आणि माझी एक मैत्रीण ती बरोबर खेळायला बसलो होतो. संध्याकाळचे दोन तास, त्यातला दीड तास दोघी आपापल्या पडद्यावर वेगवेगळे संवाद वाचतोय, मधूनच 'तुझं झालं का?' 'नाही गं, अजून तो म्हातारा बोलतोय.' मग तिच्याकडे पाहुणे यायची वेळ व्हायची. कथा सुरेख आहे, डोळ्यांत पाणी आणते, पण ती कादंबरीसारखी एकटीने वाचायची आहे. बहिणीला कथा आवडत असतील तर परीक्षेनंतरच्या मोकळ्या सुट्टीत तिला ही चाचणी जरूर सुचवा. तिची ती स्वतंत्र खोली असू दे. एक खबरदारी घ्या: मोफत खात्यावर गट करण्याबाबत आणि संदेश पाठवण्याबाबत बंधनं असतात, ती आधी वाचा. आणि एकदा पैसे भरले की तेच खातं पुन्हा मोफत चाचणीवर आणता येत नाही. गैरहजेरीबद्दल आणखी एक. या गेममध्ये घर विकत घेतलं आणि ४५ दिवस त्यात पाऊल टाकलं नाही, तर ते पाडलं जाऊ शकतं. तुमच्या बहिणीच्या वेळापत्रकाला हे झेपणारं नाही.

आता ज्या गेमसाठी मी हे पत्र उत्तराला घेतलं, तो तुमच्या तक्त्यात पाचवा आहे: गिल्ड वॉर्स २.

तो ऑगस्ट २०१२मध्ये आला. तेव्हा लेव्हलची कमाल मर्यादा ८० होती. आजही ८०च आहे. त्यानंतर एकामागून एक विस्तार आले, पण ही रेघ कुणी हलवली नाही. सगळ्यांत वरच्या दर्जाचं सामान नोव्हेंबर २०१२मध्ये आलं, आणि ताकदीच्या आकड्यांत त्याच्या वर जाणारं काही त्यानंतर आलेलं नाही. म्हणजे तुम्ही आज एक चिलखत घडवलंत आणि चार वर्षं गायब झालात, तरी परत याल त्या दिवशी ते तेवढंच कामाचं असेल. मग लोक इतकी वर्षं करतात काय? तर त्यांची वाढ आडवी होते: तरंगत उतरायची विद्या, उड्या मारणारी, वाळूवरून घसरत जाणारी वाहनं, नवे प्रदेश, नव्या लढण्याच्या तऱ्हा. हे सगळं मिळालं तर आनंद, नाही मिळालं तर बरोबर चालताना अडचण नाही.

आणि लेव्हलचं म्हणाल, तर तुम्ही ८०ला असाल आणि ती १२ला, तरी तिच्या प्रदेशात शिरताच गेम तुम्हाला तिथल्या पातळीवर आणतो. बटण दाबावं लागत नाही, विचारावं लागत नाही. मारलेल्या शत्रूचं श्रेय दोघांना पूर्ण मिळतं, लूट ज्याची त्याला वेगळी मिळते, खाणीतलं लोखंड तुम्ही फोडलंत तरी तिच्यासाठी ते तिथे शाबूत असतं. दुसऱ्या गेममध्ये अनोळखी माणूस समोरून येताना दिसला की मन म्हणतं, हा माझं काही तरी घेऊन जाणार. इथे तोच दिसला की बरं वाटतं.

सुरुवातीचं एक दृश्य सांगते. मानव वंश घेतलात तर शॅमूर नावाच्या खेड्यात याल. तिथे एक शेतकरीण आहे, तिला मदत करायची असते. एक जण बादलीने मक्याला पाणी घालतो, दुसरा गाईंना चारा टाकतो, तेवढ्यात जमिनीतून किडे वर येतात ते तुडवायचे. काम वाटून घेतलं तरी दोघांच्या खात्यावर जमा होतं. मग पडद्यावर नारिंगी वर्तुळ उमटतं, जवळ काही घडतंय. धावत जाता, तर पाच-सात अनोळखी लोक आधीच लढत असतात. कुणी कुणाला गटात घेत नाही, बोलावत नाही, सगळे आपोआप एका बाजूला. जीव संपला तर माणूस लगेच मरत नाही, खाली पडून झुंजत राहतो, आणि शेजारून जाणारा कुणीही वाकून त्याला उठवू शकतो. त्या प्रदेशातल्या दलदलीत ठरलेल्या वेळापत्रकाने एक प्रचंड काळी आकृती उठते, तिचं नाव शॅडो बेहेमथ. तिच्यासमोर मी पहिल्यांदा पडले तेव्हा तिघं जण लढाई सोडून माझ्याकडे धावले होते. तिघांतल्या कुणाचंच नाव मला माहीत नाही. मी खेळत राहिले त्याचं मोठं कारण ती तीन माणसं.

खर्चाचं सोपं आहे. महिन्याची वर्गणी या गेमला कधीच नव्हती, आणि २०१५पासून मूळ गेम मोफत आहे, अगदी लेव्हल ८०पर्यंत. मोफत खात्याला पिशव्या कमी, बाजारात मोजक्याच वस्तूंची देवघेव, सगळ्यांना ऐकू जाईल अशा गप्पांवर बंधनं, आणि कॅरेक्टर दोनच. हे शेवटचं बंधन तुमच्या फायद्याचं आहे, ते थोड्या वेळाने सांगते.

उणिवाही सांगायला हव्यात. सुरुवातीची कथा फिकी आहे, फायनल फँटसीच्या जवळपासही जात नाही. ८०ला पोचल्यावर 'आता काय' असा प्रश्न पडतो, आणि गेम त्याचं उत्तर नीट देत नाही, स्वतः ठरवावं लागतं. मोठ्या राक्षसासमोर पन्नास-साठ लोक जमले की जुन्या लॅपटॉपला धाप लागते. सेटिंगमध्ये 'कॅरेक्टर मॉडेल लिमिट' आणि त्याखालची 'क्वालिटी' कमीत कमी करून ठेवायला तिला सांगा. आजूबाजूची माणसं साधी दिसतील, पण चित्र अडकणार नाही.

तिच्या लॅपटॉपला हेही झेपलं नाही तर दुसरा पर्याय ओल्ड स्कूल रूनस्केप. २००७ सालच्या आवृत्तीवर आधारलेला, २०१३मध्ये सुरू झालेला हा गेम अगदी साध्या मशीनवर चालतो, आणि २०१८पासून फोनवरही, त्याच खात्याने, त्याच जगात. दिसायला ओबडधोबड आहे. ग्राफिक्सच्या रकान्यात तुम्ही त्याला शेवटून पहिला ठेवलं आहे, आणि ते बरोबरच आहे. पण त्यात दोन जण नदीकाठी शेजारी शेजारी उभे राहून मासे धरत तासभर गप्पा मारू शकतात, हाताला फारसं काम नसतं. फोनवर 'जेवलीस का'च्या पुढे न जाणारं बोलणं अशा वेळी सुटतं, हा माझा अनुभव आहे. मिळवलेलं कौशल्य इथे जुनं होत नाही, महिन्याने या की वर्षाने. चिकाटी मात्र अफाट लागते. कोणत्याही कौशल्यात ९९वी लेव्हल गाठायला १,३०,३४,४३१ गुण लागतात आणि ९२व्या लेव्हलला कुठे निम्मा रस्ता संपतो. त्यात ग्रुप आयर्नमॅन नावाचा प्रकार आहे: दोन ते पाच जणांचा गट, बाहेरच्या कुणाशी व्यापार नाही, सगळं आपण मिळवायचं आणि एकमेकांत वाटायचं. एकाने मासे धरायचे, दुसऱ्याने शिजवायचे. बहीण-भावांसाठी मला तो फार आवडतो, पण तुमच्या पहिल्या प्रयत्नासाठी मी तो सुचवणार नाही, कारण तिथे एकाची गैरहजेरी दुसऱ्याला जाणवते.

एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन तुमच्यासाठी चालण्यासारखा आहे. २०१४च्या या गेममध्ये ऑक्टोबर २०१६पासून सगळं जग खेळाडूच्या पातळीला जुळवून घेतं, त्यामुळे अंतराचा प्रश्न तिथेही बराच सुटलेला आहे, आणि प्रत्येक संवाद आवाजात ऐकायला मिळतो. गिल्ड वॉर्समधली उड्या मारत लढायची पद्धत बहिणीला नकोशी वाटली, तर इकडे वळा. वर्गणी ऐच्छिक आहे, पण ती नसेल तर साहित्याने पिशवी सारखी भरत राहते.

उरलेल्यांना मी थोडक्यात निरोप देते. ईव्ह ऑनलाइनमध्ये कौशल्यं तुम्ही झोपलेले असतानाही शिकली जातात, म्हणजे गैरहजेरीला तो दयाळू आहे. पण तिथे फुटलेलं जहाज परत येत नाही, आणि ते शिकायलाच तुमचं वर्ष जाईल. अल्बियन ऑनलाइन फोनवरही उत्तम चालतो, बाजाराची आवड असणाऱ्याने तो जरूर खेळावा. धोक्याच्या प्रदेशात मेलात तर अंगावरचं सगळं जातं, आणि दोन तासांच्या संध्याकाळीत ते पहिल्या वीस मिनिटांत झालं तर उरलेला वेळ रुसव्यात जाईल. ब्लॅक डेझर्टचं कॅरेक्टर घडवायचं दालन नुसतं बघत बसावं असं आहे, पण शस्त्र वाढवताना अपयशाची शक्यता पत्करावी लागते, आणि ते दुःख मी तुमच्या बहिणीला देऊ इच्छित नाही.

खेळाडूंच्या संख्येचा रकाना खोडून टाकलात तरी चालेल. वॉरक्राफ्टने ऑक्टोबर २०१०मध्ये १ कोटी २० लाख वर्गणीदार जाहीर केले होते, आणि २०१५मध्ये कंपनीने हा आकडा सांगणंच थांबवलं. बाकीचे फिरणारे आकडे बहुतेक अंदाजाचे असतात. त्यापेक्षा बुधवारी रात्री साडेनऊला लॉगिन करून सुरुवातीच्या प्रदेशात किती जण दिसतात ते मोजा, तुमच्या उपयोगाचा आकडा तोच. गेम टिकेल का हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे. न्यू वर्ल्ड नावाचा गेम सप्टेंबर २०२१मध्ये प्रचंड गर्दीत सुरू झाला, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये त्यात यापुढे नवं काही येणार नाही, असं जाहीर झालं. सुरुवातीची गर्दी फसवी असते. दहा-बारा वर्षं चाललेला गेम मला जास्त भरवशाचा वाटतो.

आता गिल्ड वॉर्स २मधल्या त्या दोन कॅरेक्टरचं. तुम्ही पुढे धावणारे आहात, हे तुमच्या पत्रावरून दिसतंच, आणि त्यात वाईट काही नाही. गेम कितीही समजूतदार असला तरी तुम्ही प्रत्येक वळण आधी बघून आलात, तर तिच्या वाट्याला नुसतं मागे चालणं उरेल. 'इथे डावीकडे पेटी आहे, तिकडे जाऊ नकोस' असं सांगत चालणाऱ्या माणसाबरोबर फिरायला कुणालाच आवडत नाही. म्हणून तुमच्या मोफत खात्यातलं एक कॅरेक्टर फक्त तिच्याबरोबर खेळायला ठेवा. ती ऑनलाइन नसेल तेव्हा त्याला हात लावायचा नाही, तिची परीक्षा असो की तुमची सुट्टी. दुसरं तुमचं एकट्याचं. त्याला रात्रभर पळवा, दुसऱ्या वंशाचं घ्या म्हणजे सुरुवातीचे प्रदेशही वेगळे लागतील आणि तिच्यासोबतच्या वाटा तुम्हालाही नव्या राहतील.

खातं उघडताना दोघांनी एकच विभाग निवडा, उत्तर अमेरिका किंवा युरोप, आधी दोन्हींचा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, तिच्याकडे तपासून. वेगळे विभाग पडले तर एकमेकांना दिसणारच नाही. दोन टप्प्यांचं लॉगिन लगेच चालू करा. बाहेरच्या कुणाकडून गेममधलं सोनं विकत घेऊ नका, खातं जातं. आणि चार संध्याकाळी पूर्ण होईपर्यंत एक पैसाही खर्च करू नका. पाचव्या वेळी तिने आपणहून 'आज किती वाजता?' असं विचारलं, तर मग विस्ताराचं बघा. एंड ऑफ ड्रॅगन्स या विस्तारात एक कासव मिळतं, दोन जणांना बसता येणारं. एक जण हाकतो, दुसरा वर बसून तोफ चालवतो. ते मिळवायला बरीच खटपट आहे, पण निदान दोघांनी मिळून करायची खटपट आहे. तोफ तिला द्या.

पहिल्या दिवशी डाउनलोड आदल्या रात्री उरकून ठेवायला तिला सांगा, फाइल मोठी आहे. फोनवर किंवा डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर आवाज चालू ठेवा. वंश तिला निवडू द्या आणि तुम्हीही तोच घ्या. ती कॅरेक्टरचे केस ठरवण्यात पाऊण तास घालवेल, घालवू द्या. मैदानात गेल्यावर ती पडली, तर जवळ जाऊन एफ दाबा.